कर्करोगाच्या प्रयोगशाळेत आपले विद्यार्थी कसे पोहोचतील? प्रशिक्षण, पीएच.डी., फेलोशिप आणि कागदपत्रांची माहिती

सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र किंवा जैवरसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. करणारे विद्यार्थी आज आपल्या प्रत्येक वस्तीत सापडतात. पुढे काय करणार, असे विचारले की बहुतेकांकडून तीनच उत्तरे येतात : बी.एड., स्पर्धा परीक्षा किंवा औषध कंपनीत नोकरी. कर्करोगाच्या प्रयोगशाळेत दरमहा फेलोशिप घेऊन पाच वर्षे संशोधन करता येते आणि त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नसते, हे अनेकांना एम.एस्सी. संपल्यावर कळते. तोपर्यंत अर्जाच्या तारखा निघून गेलेल्या असतात.

म्हणून या लेखात आम्ही एक ठोस उदाहरण घेऊन संपूर्ण वाट मांडत आहोत. उदाहरण आहे नवी मुंबईतील खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्राचे. ते होमी भाभा राष्ट्रीय संस्था या अभिमत विद्यापीठाशी जोडलेले आहे आणि पीएच.डी. त्याच विद्यापीठाची मिळते. इथे सांगितलेली बहुतेक माहिती पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरू येथील इतर प्रयोगशाळांनाही लागू पडेल. जिथे नियम वेगळे आहेत तिथे तसे नमूद केले आहे.

ॲक्ट्रेक म्हणजे काय?

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. खेड्यापाड्यांतून मुंबईला उपचारासाठी आलेल्या हजारो कुटुंबांना ते ठाऊक आहे. त्याच्या शेजारीच १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे संस्थापक. १९६२ पासून या संस्थांचा कारभार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. पुढे रुग्णालय आणि संशोधन केंद्र मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. २००२ साली संशोधनाचा मोठा भाग खारघरच्या सेक्टर २२ मधील नव्या आवारात गेला, तेच ॲक्ट्रेक. तिथे प्रयोगशाळा आणि रुग्णालय एकाच आवारात आहेत. त्यामुळे रुग्णाच्या गाठीचा नमुना, त्यावरचे संशोधन आणि नव्या उपचाराची चाचणी या गोष्टी एकमेकींपासून दूर राहत नाहीत.

अशा एकत्र कामातून काय होऊ शकते याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे रक्ताच्या काही कर्करोगांवरची भारतात विकसित झालेली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती. आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत ती विकसित झाली आणि टाटा मेमोरियलमध्ये रुग्णांवर तिच्या चाचण्या झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी काढायच्या, कर्करोगाची पेशी ओळखता येईल असा बदल त्यांत करायचा आणि त्या परत रुग्णाला द्यायच्या, अशी ही पद्धत आहे. असे काम एकट्या मोठ्या शास्त्रज्ञाकडून होत नाही. पीएच.डी.चे विद्यार्थी, प्रकल्प सहायक, तंत्रज्ञ, परिचारिका असे अनेक हात त्याला लागतात. आपला प्रश्न असा की या हातांत आपले हात किती आहेत?

या संशोधनाशी आपला संबंध

जागतिक कर्करोग अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आहे. स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाचा कर्करोग येतो. तोंडाचा कर्करोग तंबाखू, गुटखा, सुपारीशी जोडलेला आहे, तर गर्भाशयमुखाचा एचपीव्ही या विषाणूशी आणि वेळेवर तपासणी न होण्याशी. दोन्हींचा फटका गरीब वस्त्यांना अधिक बसतो.

महाराष्ट्रातील गरीब स्त्रिया या संशोधनात फार पूर्वीपासून सहभागी आहेत, पण वेगळ्या जागी. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची साधी तपासणी दर दोन वर्षांनी करण्यात आली. ती करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या, तर दहावीपर्यंत शिकलेल्या आणि खास प्रशिक्षण दिलेल्या स्त्रिया होत्या. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातही १,३१,७४६ स्त्रियांचा असाच अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच चाचणीसुद्धा मृत्यू कमी करते, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या तपासणी कार्यक्रमांच्या चर्चेत या अभ्यासांचा आधार घेतला जातो.

त्याच वेळी या अभ्यासांवर गंभीर आक्षेपही घेण्यात आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील हजारो स्त्रियांना अभ्यासाच्या काळात तपासणी का दिली नाही? त्यांची संमती कोणत्या भाषेत आणि किती समजावून घेतली? संशोधकांचे उत्तर असे होते की त्या वेळी देशात कुठेच नियमित तपासणी उपलब्ध नव्हती, म्हणून तुलनेचा गट नेहमीच्या व्यवस्थेप्रमाणेच होता. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद प्रसिद्ध झालेले आहेत आणि आपल्या कार्यकर्त्यांनी ते वाचले पाहिजेत. आम्हाला इथे एवढेच म्हणायचे आहे की असा अभ्यास कसा आखायचा हे ज्या खोलीत ठरते, तिथे त्या वस्तीतून शिकून आलेली व्यक्ती बसलेली असेल, तर हे प्रश्न अभ्यास संपल्यावर नव्हे, सुरू होण्याआधी विचारले जातील.

जगातल्या जवळजवळ प्रत्येक कर्करोग प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या हेला पेशींचा इतिहासही हेच सांगतो. १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स या ३१ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता, या पेशी घेतल्या गेल्या. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या वाढू लागल्या आणि आजही वाढत आहेत. हेन्रिएटा त्याच वर्षी वारली. तिच्या कुटुंबाला याचा पत्ता दोन दशकांनंतर लागला. त्या पेशींवर व्यवसाय करणाऱ्या एका बड्या कंपनीशी कुटुंबाची तडजोड व्हायला २०२३ साल उजाडले. आपल्याकडच्या कर्करोग संशोधनातील अग्रणी डॉ. कमल रणदिवे यांनी जॉर्ज गे यांच्याच प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे शिक्षण घेतले आणि मुंबईत परतून इथली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. संमतीचा हा इतिहास ज्याला ठाऊक आहे, तो विद्यार्थी प्रयोगशाळेत नुसता तंत्र शिकणारा राहत नाही.

रोजचे काम कसे असते?

बाहेरून वाटते तसे हे काम झगमगीत नाही. पेशी ३७ अंश तापमानाला, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत वाढवायच्या असतात. त्यांना ठरलेल्या दिवशी नवे पोषकद्रव्य द्यावे लागते, मग तो रविवार असो की सण. हात नीट निर्जंतुक नसला तर बुरशी किंवा जीवाणू शिरतात आणि महिन्याचे काम फेकून द्यावे लागते. पेशींतील एखादे प्रथिन वाढले की घटले हे पाहणारी वेस्टर्न ब्लॉट नावाची चाचणी साधारण दोन दिवस चालते आणि सुरुवातीला हमखास फसते. प्रत्येक प्रयोग तारखेसह वहीत उतरवावा लागतो. आठवड्यातून एकदा सर्वांसमोर आपले काम मांडावे लागते आणि त्यावर टोकदार प्रश्न येतात. हे सगळे इंग्रजीत चालते. ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, त्यांनी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून आठवड्याला एक शोधनिबंध वाचून तो मित्रांसमोर समजावून सांगण्याची सवय लावावी. सहा महिन्यांत फरक पडतो.

सगळे काम पेशींवरच होते असेही नाही. संगणकावर होणारे संशोधन झपाट्याने वाढले आहे. कर्करोग जनुकांचा एक मोठा अमेरिकी संग्रह ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या ११ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती ठेवतो. रुग्णांची ओळख काढून टाकलेला त्याचा बराचसा भाग कोणालाही विनामूल्य वापरता येतो. आर किंवा पायथन या संगणकभाषा शिकलेला विद्यार्थी लातूर-नांदेडच्या महाविद्यालयात बसूनही त्यावर काम करू शकतो. ज्यांच्या महाविद्यालयात यंत्रे नाहीत, त्यांच्यासाठी ही खरी वाट आहे. त्यासाठी लागणारे संख्याशास्त्राचे आणि जैवमाहितीशास्त्राचे अभ्यासक्रम स्वयं या सरकारी मंचावर विनामूल्य आहेत.

आत जाण्याच्या पाच वाटा

१. उन्हाळी प्रशिक्षण. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. त्यात आपल्या आवडीचा मार्गदर्शक सुचवता येतो. अर्ज आदल्या वर्षाच्या हिवाळ्यात भरावे लागतात. उन्हाळा आला की शोधायला निघणारा विद्यार्थी तिथेच मागे पडतो.

२. एम.एस्सी.चा प्रबंध. शेवटच्या सत्रातील संशोधन प्रकल्प बाहेरच्या प्रयोगशाळेत करण्याची मुभा अनेक विद्यापीठे देतात. त्यासाठी विभागप्रमुखांचे पत्र आणि त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाची संमती लागते. आमच्या मते संपूर्ण साखळीतली सर्वांत महत्त्वाची कडी हीच आहे, कारण पुढच्या प्रत्येक मुलाखतीत प्रश्न याच कामावर येतात आणि शिफारसपत्रही इथूनच मिळते. अडचण अशी की या जागा बहुधा ओळखीने किंवा थेट पत्रव्यवहाराने भरतात. ज्याच्या घरात, शेजारात कोणी शास्त्रज्ञ नाही, त्याला पत्र कोणाला लिहायचे हेच कळत नाही.

पत्र असे लिहावे : ज्या शास्त्रज्ञाला लिहीत आहात त्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतील किमान दोन शोधनिबंध वाचा. पत्र १५ ओळींपेक्षा मोठे नको. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण आणि कोणत्या तारखेपासून किती महिने उपलब्ध आहात ते सांगा. पुढे त्यांच्या कोणत्या निबंधातील कोणता मुद्दा तुम्हाला भावला आणि त्यावर तुमचा काय प्रश्न आहे, ते लिहा. नंतर तुम्हाला कोणती तंत्रे प्रत्यक्ष येतात ते खरेखरे लिहा. येत नसलेले तंत्र येते म्हणून लिहू नका, पहिल्याच आठवड्यात उघडे पडते. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. उत्तर आले नाही तर दहा दिवसांनी एकदा नम्रपणे आठवण द्या. दहापैकी आठ पत्रांना उत्तर येणार नाही असे धरूनच चाला. ते तुमच्याविरुद्ध नसते, शास्त्रज्ञांना अशी पत्रे रोज येतात.

३. पीएच.डी. ॲक्ट्रेकमध्ये कनिष्ठ संशोधन फेलो म्हणून निवड होते. दरवर्षी निघणाऱ्या जाहिरातीत त्या वर्षीची पात्रता, परीक्षा आणि मुलाखतीची पद्धत दिलेली असते. राष्ट्रीय पातळीवरची एखादी फेलोशिप परीक्षा आधीच उत्तीर्ण असणे हे सर्वत्र मोठे भांडवल ठरते. मुख्य परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. ती सहसा वर्षातून दोनदा होते. जीवशास्त्राचा पेपर २०० गुणांचा आणि तीन तासांचा असतो. सामान्य क्षमतेचा भाग ३० गुणांचा, दुसरा ७० गुणांचा आणि विश्लेषणाचा तिसरा भाग १०० गुणांचा. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापला जातो. निम्मे गुण तिसऱ्या भागात असल्याने केवळ पाठांतराने यश मिळत नाही. प्रयोगाची आकृती वाचून निष्कर्ष काढता आला पाहिजे. एम.एस्सी.ला सर्वसाधारण उमेदवारांना ५५ टक्के आणि अनुसूचित जातींच्या उमेदवारांना ५० टक्के गुण लागतात. वयातही पाच वर्षांची सवलत आहे. याशिवाय जैवतंत्रज्ञान विभागाची आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अशा आणखी दोन फेलोशिप परीक्षा आहेत. तिन्हींचा अभ्यास बराचसा सारखा असल्याने तिन्ही द्याव्यात. २०२४ पासून नेटच्या गुणांवर विद्यापीठांत पीएच.डी. प्रवेशही मिळतो. त्यामुळे फेलोशिपची रेषा थोडक्यात हुकली तरी निकालपत्र जपून ठेवा.

४. प्रकल्पावरची नोकरी. सरकारी अनुदानाच्या प्रकल्पांत सहायक, तंत्रज्ञ, माहिती नोंदणी करणारे, रुग्णांशी बोलून संमती घेणारे अशी पदे ठरावीक मुदतीसाठी भरतात. बहुतेकदा थेट मुलाखत असते आणि जाहिरात आठ-दहा दिवस आधी संस्थेच्या संकेतस्थळावर येते. नेटची तयारी करता करता वर्ष-दोन वर्षे अशी नोकरी केल्यास हाताला काम आणि घराला पगार दोन्ही मिळतात. मात्र ही नोकरी कायम नसते, हे लक्षात ठेवूनच शिरा. पाच-सहा वर्षे एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात फिरत राहिलात तर वयोमर्यादा निघून जाते.

५. पदविकाधारकांसाठी. डीएमएलटी, परिचर्या, रेडिओथेरपी तंत्रज्ञान, प्राणीगृहाची देखभाल, कर्करोग नोंदणी या कामांना पीएच.डी. लागत नाही. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. गावोगाव फिरून रुग्णांची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यांशिवाय ती उभीच राहिली नसती. हे कामही संशोधनच आहे. आपल्या मुला-मुलींना ते कमी दर्जाचे वाटू देऊ नका.

इथे आरक्षित जागा गृहीत धरू नका

केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेशासाठी २००६ चा आरक्षण कायदा अनुसूचित जातींना १५ टक्के जागा देतो. पण त्याच कायद्याच्या कलम ४ ने आणि परिशिष्टाने काही संस्था वगळल्या आहेत. त्या यादीत होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्था आहेत, टाटा मेमोरियल सेंटरचे नाव त्यांत स्पष्ट लिहिलेले आहे. टीआयएफआरही यादीत आहे. म्हणजे या कायद्याखाली तिथे पीएच.डी.च्या जागा राखून ठेवण्याचे बंधन नाही. जाहिरातीत काही सवलत दिलेली असेल तर ती घ्या, पण तिच्या भरवशावर राहू नका.

गुणवत्तेच्या नावाखाली ही सूट दिली गेली. उत्कृष्ट संशोधन आणि आरक्षण एकत्र नांदू शकत नाही, हे गृहीतक आम्हाला मान्य नाही. संसदेत आणि चळवळीत हा विषय पुन्हा उचलला गेला पाहिजे. पण कायदा बदलेपर्यंत या वर्षी एम.एस्सी.ला बसलेल्या मुलीने काय करायचे? तिने दोन गोष्टी कराव्यात. एक, या संस्थांसाठी दोन वर्षे आधी तयारी सुरू करावी. दोन, जिथे आरक्षण लागू आहे तिथेही अर्ज करावा. पुण्याचे आयसर आणि केंद्रीय विद्यापीठे १५ टक्क्यांच्या नियमाखाली येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ यांसारख्या राज्य विद्यापीठांत अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथेही कर्करोगावर काम चालते.

पैशाचे गणित

१ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन फेलोला पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ फेलो झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. नियमानुसार घरभाडे भत्ता वेगळा असतो. एकूण मुदत पाच वर्षांची. अनुसूचित जातींसाठी केंद्राची स्वतंत्र राष्ट्रीय फेलोशिप आहे. तिच्या दरवर्षीच्या २००० जागांपैकी ५०० विज्ञान शाखेसाठी असून निवड नेटच्या गुणवत्तेवर होते. महाराष्ट्रात पुण्याच्या बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. एम.एस्सी.साठी महाडीबीटीवरून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती भरायला विसरू नका. ही योजना १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना सुरू झाली.

फेलोशिप मंजूर होणे आणि हातात पडणे यांत अंतर असते. बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना २०२३ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन करावे लागले. रोहित वेमुलाची फेलोशिपही काही महिने थांबलेली होती, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या खोली-जेवणाची सोय आधीच करून ठेवा. खारघर, पनवेल परिसरात खोलीभाडे आणि अनामत रक्कम हा पहिला मोठा खर्च असतो. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याने संशोधन सोडण्यामागे बऱ्याचदा अभ्यास नसतो, ही अनामत आणि अडकलेली फेलोशिप असते.

परदेशाबद्दल थोडक्यात : राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, केंद्राचीही परदेश शिष्यवृत्ती आहे. पण जीवशास्त्रातील पीएच.डी.साठी अमेरिकेतील बहुतेक चांगली विद्यापीठे शुल्क माफ करून वर विद्यावेतन देतात, आणि जर्मनीतील हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रासारख्या संस्था पीएच.डी. विद्यार्थ्याला वेतन देतात, हे फार थोड्यांना माहीत असते.

कागदपत्रे

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही सवलती मिळू लागल्या. त्यामुळे बौद्ध असणे हा अडथळा नाही. अडचण येते ती दाखल्यावरील शब्दांमुळे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर फक्त ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लिहिलेले असेल आणि मूळ अनुसूचित जातीची नोंद कुठेच नसेल, तर केंद्राच्या योजनांत अर्ज अडकतो. बौद्ध धर्मांतरितांसाठीच्या विहित नमुन्यात, मूळ जातीच्या नोंदीसह जातप्रमाणपत्र घ्या. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वडील, आजोबा किंवा पणजोबांचे शाळेचे अथवा महसुली पुरावे लागतात. जातवैधता प्रमाणपत्र बारावीनंतर लगेच करून घ्या. केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील इंग्रजी दाखला वेगळा काढावा लागतो. नावात एका अक्षराचा फरक असेल तर तो राजपत्रात आधीच दुरुस्त करा.

प्राण्यांवरील प्रयोग

पंचशील मानणारा तरुण आम्हाला हमखास विचारतो : उंदरांवर प्रयोग करावे लागतील का? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. कर्करोग संशोधनात उंदरांचा वापर होतो. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आगाऊ परवानगी लागते. किती प्राणी, का आणि वेदना कमी कशी करणार, हे लिहून द्यावे लागते. शक्य तिथे प्राण्यांऐवजी दुसरा पर्याय, कमीत कमी संख्या आणि कमीत कमी वेदना ही तीन तत्त्वे १९५९ पासून मान्य आहेत. ज्याला पहिले शील मोडायचे नाही, त्याने पेशी, रुग्णांचे नमुने, संगणक किंवा लोकसंख्या अभ्यास यांवर काम करणारी प्रयोगशाळा निवडावी. मुलाखतीत हे शांतपणे सांगता येते. निवड झाल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगणे दोघांच्याही सोयीचे.

मार्गदर्शक निवडताना

पाच वर्षे तुमचे काम, शिफारस आणि बऱ्याच अंशी मनःस्वास्थ्य मार्गदर्शकाच्या हातात असते. प्रयोगशाळा ठरवण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांशी एकट्याने बोला. पीएच.डी. किती वर्षांत झाली, कोणी मध्येच सोडली का, परिषदांना कोणाला पाठवतात, हे विचारा. जातीवरून वागणूक बदलत असेल तर तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवा. यूजीसीच्या २०१२ च्या समता नियमांनी प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असणे बंधनकारक केले आहे. २००७ साली डॉ. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधील जातीय वागणुकीची नोंद केली होती, त्यामुळे वैज्ञानिक संस्थांत जात नसते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. प्रत्येक कडक प्रश्न मात्र जातीमुळे आलेला नसतो. प्रयोगावरची कठोर टीका सगळ्यांनाच सोसावी लागते. हा फरक ओळखायला एखाद्या अनुभवी व्यक्तीशी बोलणे उपयोगी पडते.

वर्षवार वेळापत्रक

बी.एस्सी. दुसरे वर्ष : जातवैधता, इंग्रजी वाचन, एक संगणकभाषा.
बी.एस्सी. तिसरे वर्ष : उन्हाळी फेलोशिपचा अर्ज, चांगल्या एम.एस्सी.साठी प्रवेशपरीक्षा.
एम.एस्सी. पहिले वर्ष : नेटचा अभ्यास सुरू, प्रबंधासाठी पत्रव्यवहार, हिवाळ्यात पुन्हा उन्हाळी फेलोशिपचा अर्ज.
एम.एस्सी. दुसरे वर्ष : बाहेरच्या प्रयोगशाळेत प्रबंध, नेट आणि इतर दोन परीक्षा, पीएच.डी.च्या जाहिरातींवर लक्ष.
त्यानंतरचे वर्ष : निवड न झाल्यास प्रकल्पावरची नोकरी, पण पुढच्या परीक्षेची तारीख ठरवूनच.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

आपल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी भरलेल्या आहेत. त्याच कपाटात नेट जीवशास्त्राचे पाच-सहा ग्रंथ आणि मागील प्रश्नपत्रिका ठेवायला फार खर्च येत नाही. विहारातील फलकावर वर लिहिलेल्या परीक्षांच्या आणि अर्जांच्या तारखा दर महिन्याला लावा. तालुक्यातून कोणी पीएच.डी. करत असेल, तर दिवाळीच्या सुटीत त्याला बोलावून बी.एस्सी.च्या मुलांसमोर दोन तास बसवा. सत्कार आणि हार नकोत, प्रश्नोत्तरे हवीत. ज्याने अशी पत्रे लिहिली आहेत, त्याने पुढच्या मुलीचे पत्र पाठवण्याआधी एकदा वाचून द्यावे. आणि जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी एका विद्यार्थ्याच्या खोलीच्या अनामतीइतकी रक्कम बाजूला काढता आली, तर फेलोशिप हातात पडेपर्यंतचे सहा महिने तो तिथे टिकेल.